बाफला, दोन दात आणि सुनेची आमटी

माझं पोट बिघडवलं माझ्याच तोंडानं आणि शिक्षा मी केली सुनेच्या आमटीला.

मी तेव्हा तरुण होते. म्हणजे नुकतीच साठी उलटली होती. त्या वयात बाईला वाटतं, आपल्याला सगळं कळतं. (आता सत्तरी ओलांडल्यावर माझी त्याबद्दल खात्रीच पटली आहे, ती गोष्ट वेगळी.)

सुरुवात झाली एका बाफल्यापासून. आमच्या इंदूरकडे बाफले करतात. कणकेचे गोळे आधी उकडायचे, मग भाजायचे, मग तुपात बुडवून वरणाशी खायचे. चांगला झालेला बाफला बोटानं दाबला की फुटतो. मी केलेला बाफला फुटत नाही. घरात त्याबद्दल कुणी काही बोलत नाही, कारण बोलायला तोंड रिकामं लागतं आणि माझा बाफला चावून संपत नाही.

तर हे पेन्शनच्या कामानं भोपाळला गेले होते आणि मी एकटीच माझाच बाफला खात होते. कट् असा आवाज झाला. मला वाटलं, बाफला फुटला. मनात म्हटलं, वा, जमला एकदाचा! मग ताटात बघते तर बाफला तसाच, शेजारी माझे दोन दात. वरचे, दर्शनी भागातले!

आता दुसरी कुणी असती तर नवऱ्याला फोन करून रडली असती. मी नाही. चाळीस वर्षं ज्या माणसाला मी ठासून सांगत आले की माझे बाफले शहरात एक नंबर, त्याला सांगू की त्यांनी माझेच दात पाडले? तोंडाला पदर लावून मी रिक्षानं गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, जिथं एकही मराठी माणूस भेटणार नाही अशा एका दाताच्या डॉक्टराकडे, आणि दोन दातांची प्लेट बसवून आले. काढता-घालता येणारी. डॉक्टर म्हणाला, "अम्माजी, रोज रात को निकालना, ब्रश से साफ करना, पानी में रखना."

"हो हो," म्हटलं आणि घरी येऊन ती प्लेट जी बसवली, ती काढलीच नाही. काढणार कशी? यांची झोप सावध. बोळकं तोंड घेऊन झोपले आणि हे जागे झाले तर? हे भोपाळहून आले, माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "काही बदललंय का गं?"

मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"पडदे नवे लावले का?"

पडदे जुनेच होते. मी निश्चिंत झाले. (आजतागायत यांना प्लेटबद्दल माहीत नाही. मी लिहिलेलं हे वाचत नाहीत, त्यामुळे तुम्हाला सांगायला हरकत नाही.)

पुढं आमच्या मुलासाठी, निखिलसाठी, मुलगी बघायला आम्ही पुण्याला गेलो. ऋचा नाव. दाताची डॉक्टर! मला जरा धस्स झालं, पण म्हटलं, आपण सासू होणार, पेशंट थोडीच. तिनं पोहे आणले. पुण्याचे पोहे: वर खोबरं, कोथिंबीर आणि शेवेचा पत्ता नाही. जीरावन तर त्यांना माहीतच नव्हतं. पोह्यांवर भुरभुरायचा मसाला नसतो म्हणजे हे लोक सकाळी उठतात तरी कशासाठी? तरी मी तोंड वाकडं न करता खाल्ले आणि पोरीला आपादमस्तक न्याहाळलं. चालणं, बोलणं, बशी धरायची पद्धत. विशेष म्हणजे पोरगी मान खाली घालून बसली नव्हती. चांगली माझ्याकडे टक लावून बघत होती! परतीच्या गाडीत मी यांना म्हटलं, "मुलगी माझ्यावर भाळली. नजर हटत नव्हती तिची."

लग्न झालं. ऋचा इंदूरला आली, जवळच्या महू गावातल्या एका दवाखान्यात जाऊ लागली. रोज बसनं जायची-यायची. रविवारी सुट्टी, म्हणून रविवारचा स्वयंपाक तिचा. तिची आमटी म्हणजे गोडा मसाला, गूळ, आमसूल. आणि बरोबर त्याच दिवसांत माझं पोट बिघडायला लागलं. जळजळ, मळमळ, फुगलेलं पोट, ढेकरा अशा की शेजारच्या शर्माजींचं कुत्रं भुंकायचं.

"सूनबाई," एका रविवारी मी पोट धरून म्हटलं, "तुझ्या आमटीत काहीतरी आहे."

"काय असणार आई? डाळ आहे."

"गूळ आहे! गुळानं गरम पडतं."

"आई, सकाळी तुम्ही कोपऱ्यावरच्या दोन कचोऱ्या खाल्ल्यात. वर जिलबी."

"ती रोजची आहे! रोजच्यानं कुठं होतं काय?"

तिनं हातातला डाव खाली ठेवला. मग हलकेच म्हणाली, "आई, एकदा तुमचं तोंड बघू का? हिरड्या बघते फक्त. कधीकधी पोटाचं…"

"पोट दुखतंय माझं! पोट!" मी ओरडले. "तू दाताची डॉक्टर ना? मग दोन वीत खाली कशाला उतरतेस?"

खरं कारण तुम्हाला ठाऊक आहे. तोंड उघडलं की प्लेट दिसणार, आणि सुनेनं सासूच्या तोंडात टॉर्च मारायचा, हे कुठल्या घरात बघितलंय? शिवाय मला गर्व होता माझ्या दंतमंजनाचा. बदामाची टरफलं जाळून, मीठ-तुरटी घालून मी ते घरी करायची आणि बोटानं लावायची. बोट दर्शनी भागात फिरायचं. मागं आणि प्लेटखाली काय चाललंय, ते मला बघायचंच नव्हतं. मंजन थुंकताना कधीकधी लाल दिसायचं. मी म्हणायची, तुरटी काम करतेय.

त्या दिवाळीला ऋचानं मला एक भेट दिली. गुलाबी रंगाची सुबक डबी, आत उचलता येणारी छोटी जाळी. बरोबर गोळ्यांचं पाकीट. "आई, हे तुमच्यासाठी. कुणाला दाखवू नका, तुमचं तुम्ही वापरा," म्हणाली. मी खूश! डबीत बडीशेप भरली. जाळी तर फारच उपयोगी, बडीशेपेची भुकटी खाली आणि दाणे वर. आणि त्या गोळ्या पाण्यात टाकल्या तर फसफसल्या. त्या पाण्यात मी देवाची चांदीची भांडी घातली. काय चमकली! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी सगळ्यांना सांगितलं, "आमची सून धार्मिक आहे हं, देवाच्या भांड्यांसाठी खास गोळ्या आणते." ऋचा तिथंच उभी होती. तिनं बडीशेपेची डबी माझ्या हातातून घेतली, आत बघितलं आणि परत दिली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, कौतुकानं भरून आलं असेल.

पोट काही ऐकेना. शेवटी डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, पोटात जंतूंचं इन्फेक्शन आहे. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. पिशवीत फुंकायचं असतं. आम्ही चौघं ओळीनं बसलो फुंकायला. यांनी तर शंख फुंकावा तशी फुंक मारली, सिस्टर दचकली. निकाल आला: हे आणि मी, दोघांच्या पोटात जंतू. निखिल आणि ऋचा साफ.

"बघा!" मी विजयी आवाजात म्हटलं. "करणारी ठणठणीत आणि खाणारे आजारी!"

"आई," निखिल म्हणाला, "आमटी मीपण खातो ना यार. मैं तो ठीक हूँ."

"तुझी गोष्ट वेगळी. तू माझे बाफले खाऊन मोठा झालायस, तुला काहीही पचतं."



दोघांनी औषधांचा कोर्स केला. तोंड कडू, जेवण नको, पण केला. हे बरे झाले. मीही बरी झाले. आणि चार-सहा महिन्यांत माझं पुन्हा सुरू! तीच जळजळ, त्याच ढेकरा, शर्माजींचं कुत्रं पुन्हा कामाला. यांना मात्र काही नाही. तीच आमटी, तेच घर, आणि हे मजेत पेपर वाचतायत.

इथं शहाण्या बाईनं विचार केला असता की मग दोष आमटीत नसावा. मी असा विचार केला: सून यांना वेगळ्या वाटीतून वाढते.

त्या रविवारी ऋचा फोडणी करत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आजपासून तू गॅसला हात लावू नकोस. तुझ्या हातचं मला सोसत नाही."

तिनं गॅस बंद केला. हात धुतले, नॅपकिनला पुसले, नॅपकिन घडी घालून जागेवर ठेवला.  भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी भांडणात कच्ची नाही! पण ती नुसती बाहेर गेली, आणि कढईतली मोहरी तेवढी तडतडत राहिली.

आठवडाभर ती महूहूनच जेवून येत राहिली. मग एक दिवस निखिल चहा पिता पिता म्हणाला, "आई, महूला फ्लॅट बघतोय. ऋचाचं अपडाऊन वाचेल."

"बघ ना," मी म्हटलं. "मला काय!"

"बरं."

"बरं काय बरं? इथं काय कमी आहे?"

"आई, टेन्शन नको घेऊ. रविवारी येत जाऊ ना."

"रविवारी! पाहुणे येतात रविवारी!"

हे पेपराआडून म्हणाले, "जो है सो है भिया." कुठल्याही संकटात यांचं मत एवढंच असतं.

त्या संध्याकाळी मी खिचडी टाकायला डब्यातून तांदूळ काढले, सवयीनं चौघांचे. आणि मनात आलं, आता लवकरच निम्मे परत टाकायचे. वाटी हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. जळजळ होत होती, पण ती पोटातली नव्हती. तरी माघार? छे! मी ठरवलं, मोठ्या डॉक्टराकडे जायचं आणि दोष आमटीतच आहे हे लेखी घेऊन यायचं. मग बघू कशी जाते तोंड वर करून महूला!

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, दुर्बीण घालून बघू. तोंडातून नळी पोटात. सगळे आले होते: हे, निखिल, आणि ऋचा दवाखान्यातून रजा काढून. (मी बोलले नव्हते तिच्याशी. ती तरी आली.) मला त्यांच्या त्या मागून उघड्या झग्यात पलंगावर झोपवलं. सिस्टर आली, केरळची की झाबुआची कोण जाणे, आवाज मात्र सराफ्यात रात्री हाका मारून खाऊ विकणाऱ्या दुकानदाराचा.

"अम्माजी, मुँह में कोई नकली दाँत? प्लेट-व्लेट?"

हॉलभर ऐकू गेलं. पलंगाच्या एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला निखिल.

"नहीं!" मी म्हटलं.

"पक्का? निकल के अंदर चली जाती है अम्माजी, फिर बड़ी मुसीबत होती है. साँस में अटक गई तो—"

"सब असली है!" मी ठणकावलं. आणि बोलताना प्लेट नेहमीसारखी हलली. त्या दिवशी पहिल्यांदाच मला तिची भीती वाटली. गळ्यात अडकली तर? मेले तर? आणि लोक काय म्हणतील, बाई कशानं गेली? बाफल्यानं!

पण यांच्याकडे बघितलं आणि जीभ रेटेना. हे माझा हात धरून म्हणत होते, "घाबरू नकोस. हिचे दात एकदम मजबूत आहेत सिस्टर, बाफले खाती है."

तेवढ्यात ऋचा पुढं आली. "बाबा, निखिल, तुम्ही जरा बाहेर थांबता का? सिस्टर, एक मिनट दीजिए, मैं डेंटिस्ट हूँ." दोघं गेले. तिनं पडदा ओढला. मग पर्समधून काहीतरी काढून माझ्यापुढं धरलं.

ती गुलाबी डबी! बडीशेप काढून, धुऊन, पुसून आणली होती.

"आई, यात ठेवा. मी सांभाळते. बाबांना कळणार नाही."

मी तिच्याकडे बघितलं. म्हणजे हिला माहीत होतं? कधीपासून? पण प्रश्न विचारायची ती वेळ नव्हती. मी प्लेट काढली. पुढून हलायची, पण मागून इतक्या वर्षांची चिकटलेली, ओढून काढावी लागली. जो वास आला, तो मी इथं लिहीत नाही. सिस्टर दोन पावलं मागं गेली. ऋचा जागची हलली नाही. तिनं डबी शांतपणे बंद केली आणि म्हणाली, "अजून बडीशेपेचा वास आहे डबीला. बरंच झालं."

दुर्बीण झाली. जंतू परत हजर होते. डॉक्टरांनी मला आणि ऋचाला खोलीत बोलावलं. (यांना मी चहा आणायला पाठवलं. साखर कमी, आलं जास्त, म्हणजे वेळ लागावा.)

"माताजी, आपके पति ठीक हो गए, आप नहीं हुईं. दाँत-मसूड़े कैसे हैं?"

"उत्तम!" मी म्हटलं. प्लेट नसल्यामुळं त्याचं "उथ्थम" झालं.

डॉक्टर हसू दाबत समजावू लागले. औषधं पोटातले जंतू मारतात. पण दातांवरच्या थरात, सुजलेल्या हिरड्यांच्या फटीत, न काढलेल्या प्लेटखाली हेच जंतू लपून राहू शकतात, तिथं औषध नीट पोचत नाही. मग घास गिळताना, लाळेबरोबर, पुन्हा पोटात. प्रत्येकाचं असंच होतं असं नाही, पण माझं तोंड बघता पोटाबरोबर ते साफ केल्याशिवाय पुन्हा औषधं देण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता.

"आणि आमटी?" मी शेवटचा प्रयत्न केला. "गुळाची आमटी? उससे होता है ना?"

"कौन सी आमटी?" डॉक्टरांना काही कळेना. मग ऋचाकडे वळून म्हणाले, "डॉक्टर साहब, अब तो ये आपका डिपार्टमेंट है."

मी जिला गॅसपाशी उभं राहू देत नव्हते, तिच्या खुर्चीत मला आडवं व्हायचं होतं.

महूला गेलो. बसमध्ये ती आणि मी शेजारी, दोघी खिडकीबाहेर बघत. रोज एवढ्या धक्क्यांतून ही पोरगी येते-जाते आणि रविवारी वर आमटी करते, हे मला पहिल्यांदा अंगाला जाणवलं. दवाखान्यात तिनं पांढरा कोट घातला, मला खुर्चीत झोपवलं, डोळ्यांवर तो दिवा आणला. "दुखलं तर डावा हात वर करा, आई."

मी लगेच हात वर केला.

"अजून सुरू नाही केलं मी."

तिनं आत बघितलं. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. वाटलं, आता सूड घेईल. माझी तर तीच अपेक्षा होती, मी घेतला असता! पण ती हळूच, एकेका दाताभोवती, वर्षानुवर्षांचा थर काढत गेली. तो घर्र आवाज, ते पाणी, ते थुंकणं. मध्येच एक तुकडा काढून तिनं कापसावर ठेवला आणि दाखवला. छोटा दगडच. "हा बघा."

"बाफल्याचा आहे का?" मी विचारायला गेले, पण तोंडात नळी असल्यानं नुसता गुरगुराट निघाला. संपूर्ण संसारात मी इतका वेळ सलग गप्प बसलेले तेवढंच. सुनेनं त्या वेळात एकही टोमणा मारला नाही. मी तिच्या जागी असते तर असा मोका सोडला नसता.

तीन-चार खेपा झाल्या. हिरड्यांचं रक्त थांबलं. नवी प्लेट झाली, घट्ट, न हलणारी. मऊ ब्रश आला, बदामाची टरफलं कुंडीत गेली. प्लेट रोज झोपताना दिवा मालवल्यावर काढायची आणि डबीत, डबी पलंगाखाली माझ्या चपलांमागं. पोटाच्या औषधांचा कोर्स बरोबरीनं झाला. पुन्हा पिशवीत फुंकलं. साफ! शर्माजींचं कुत्रं आता म्हातारं झालंय, स्वस्थ पडून असतं.

ज्या दिवशी निकाल आला, त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले. ऋचा पाणी प्यायला आली होती. गॅसकडे बघतही नव्हती. मी फडताळातून गोडा मसाला काढला, गुळाचा डबा काढला, आमसुलं काढली, ओट्यावर ओळीनं मांडली.

"हे काय?"

"उद्या रविवार आहे."

तिनं पेला ठेवला आणि जायला वळली. मग मी अगदी नाइलाजानं, कुणी ऐकत नाही ना हे बघून म्हटलं, "माझी चूक झाली. आमटीची काही चूक नव्हती. आता तो फ्लॅट-ब्लॅट राहू दे. मला चौघांचे तांदूळ घ्यायची सवय आहे, ती मोडायचं वय नाही माझं."

तिनं गुळाचा डबा उघडला, वास घेतला, झाकला. "कमी घालीन," म्हणाली.

"घाल हवा तेवढा. बाफल्यांबरोबर खाऊ."

"नको!" ती एवढ्या जोरात म्हणाली की आम्ही दोघी हसायला लागलो.

हसता हसता मी तिला विचारलं, जे त्या झग्यात पडल्या पडल्या विचारायचं राहून गेलं होतं. "एक सांग. प्लेटचं तुला कळलं कधी? दिवाळीला डबी दिलीस, त्याच्या आधी कधीतरी ना?"

तिनं पदराला डोळे पुसले. पदर माझा होता, ती ड्रेसमध्ये होती. आणि ती जे म्हणाली, ते मी जसंच्या तसं लिहिते, एक शब्द इकडचा तिकडे न करता:

"आई, तुम्ही पुण्याला मला बघायला आला होतात ना, तेव्हा मी टक लावून तुमचे वरचे दोन दात बघत होते. पोह्यांबरोबर हलत होते. तुम्ही गेल्यावर घरी सांगितलं, मुलगा पसंत आहे, सासूबाई तेवढ्या दुरुस्त करून घेऊ."